पिकत्या केळ्यांचा वास उणे ९४ अंशांवर कसा धरायचा

कोल्ड ट्रॅप, म्हणजे हवेतला वास थंडीने नळीत धरून ठेवायची मांडणी, करायचा म्हटलं की पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मॅडम, लिक्विड नायट्रोजन इथे कुठे मिळणार?" मी सांगते, जनावरांच्या दवाखान्यात जाऊन विचारा. हसतात, पण खरं आहे. कृत्रिम रेतनाच्या गोठवलेल्या रेतमात्रा उणे १९६ अंशांवर ठेवाव्या लागतात, त्यामुळे जिथे गाई-म्हशी आहेत तिथे नायट्रोजनचा कंटेनर पोचतोच. दवाखान्याच्या साठ्यातलं मागू नका, ते त्यांच्या कामाचं आहे. त्यांना भरून कोण देतं एवढंच विचारा आणि त्याच्याशी आपलं वेगळं ठरवा. ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, मात्र आपल्याकडे अवघड. मोठ्या शहरातून मागवला तरी मे महिन्यात वाटेतच निम्मा उडून जातो.

नायट्रोजन हाती आला की ट्रॅपची नळी सरळ त्यात बुडवण्याचा मोह होतो. तेच करायचं नाही. का नाही, हे कळलं तर बाकीची पद्धत आपोआप सुचत जाते, म्हणून आधी तेवढं सांगते.

आमचं काम रावेर-यावल पट्ट्यातल्या केळ्यांवर चालतं. कच्च्या केळ्याला हेक्झानाल आणि ट्रान्स-२-हेक्झेनालचा हिरवा, गवताळ वास असतो. पिवळं पडायला लागलं की एस्टर, म्हणजे फळांना गोड वास देणारे पदार्थ, वाढतात: आयसोअमाइल ॲसिटेट, आयसोब्युटाइल ॲसिटेट, ब्युटाइल ब्युटिरेट. बरणीतली एक मिलिलिटर हवा सिरिंजने थेट जीसीत, म्हणजे मिश्रणातले पदार्थ वेगळे करून मोजणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये, मारली तर आयसोअमाइल ॲसिटेटचं शिखर दिसेलही, पण बारीकसारीक एस्टर बेसलाइनच्या, म्हणजे आलेखाच्या तळरेषेच्या, गवतात हरवतात. म्हणून दीड लिटर हवेतला वास एका बारीक नळीत गोळा करायचा आणि एकदम कॉलमवर, म्हणजे जीसीतल्या पदार्थ वेगळे करणाऱ्या लांब नळीत, सोडायचा.

आता केळं काही दगड नाही, ते श्वास घेतं. बरणीतून शुद्ध नायट्रोजन फिरवला तर त्याला ऑक्सिजन मिळत नाही, ते इथेनॉल करायला लागतं आणि तुम्ही गुदमरलेल्या फळाचा वास मोजत बसता. म्हणून केळ्यांवरून हवाच फिरवावी लागते. आणि हवा फिरवायची असेल तर ट्रॅप लिक्विड नायट्रोजनमध्ये बुडवता येत नाही, कारण ऑक्सिजन उणे १८३ अंशांवरच द्रव होतो आणि नायट्रोजन त्याहून थंड आहे. नळीत फिकट निळा द्रव साचू लागतो. तो द्रव ऑक्सिजन. सेंद्रिय पदार्थाशी गाठ पडली की स्फोट. कुणाच्या ट्रॅपमध्ये असं निळं दिसलंच तर भांडं हलवू नका, नळीचं तोंड बंद करू नका, खोली रिकामी करा आणि जाणकाराला बोलवा. धीटपणा दाखवायची ही जागा नव्हे.

दुसरी अडचण कार्बन डायऑक्साइडची. पिकतं केळं तो भरपूर सोडतं. उणे १९६ ला तो सगळा गोठून बसतो, नळी तुंबते, आणि तापवताना त्याच्या वायूचा लोंढा कॉलमकडे धावतो. तेव्हा जास्त थंड म्हणजे जास्त चांगलं, असं नाही. काय धरायचं याच्याइतकंच काय सोडून द्यायचं हेही तापमान ठरवतं.

मी वापरते ते ॲसिटोन आणि लिक्विड नायट्रोजनचं मिश्रण. ॲसिटोन उणे ९४ च्या आसपास गोठतो, आणि जोवर भांड्यात थोडा घट्ट, थोडा पातळ असे दोन्ही आहेत तोवर तापमान तिथेच टिकतं. इथे ऑक्सिजन द्रव होत नाही, केळ्याने सोडलेला कार्बन डायऑक्साइड गोठत नाही, आणि एस्टर मात्र अडकतात. ड्राय आइस उणे ७८.५ वर थांबतो. आयसोअमाइल ॲसिटेटला तोही चालला असता, पण हलक्या एस्टरांसाठी हे खालचे सोळा अंश फार उपयोगाचे.

इथे एक गैरसमज आहे. पदार्थ किती अंशांवर उकळतो हे बघून तो अडकेल की नाही ते सांगता येत नाही. त्या थंडीत त्याचा बाष्पदाब किती उरतो ते बघावं लागतं. ॲसिटाल्डिहाइड २० अंशांवर उकळतं, तेव्हा उणे ७८ ला ते नक्की अडकेल असं कुणालाही वाटेल. पण उणे ८१.५ लाही त्याचा बाष्पदाब १ मिलिमीटर पारा एवढा असतो, म्हणजे दहा लाखांत तेराशे भाग. बरणीत ते एवढं नसतंच, मग अडकणार कुठून? सरळ निघून जातं. इथिलीन तर उणे १०४ ला उकळतं, त्याचं नावच नको. म्हणजे पिकवणीच्या खोलीतलं इथिलीन मोजायचं असेल तर हा ट्रॅप तुमच्या कामाचा नाही. ती हवा सिरिंजने थेट मारा. इथाइल ॲसिटेट मधलं आहे: काही धरलं जातं, काही सुटतं. त्याचा आकडा मी कधीच देत नाही, 'आढळलं' एवढंच लिहिते.

आता पाणी. या कामातला खरा शत्रू तोच.

३० अंशांवर ओलाव्याने भरलेल्या एका लिटर हवेत साधारण ३० मिलिग्रॅम पाणी असतं, आणि केळ्यांच्या बरणीतली हवा जवळपास तशीच असते. मिनिटाला ५० मिलिलिटर वेगाने अर्धा तास हवा ओढली की दीड लिटर झाली, म्हणजे ४५ मिलिग्रॅम पाणी. आमची नळी एक अष्टमांश इंची स्टीलची, आतला व्यास २.१ मिलिमीटर. त्यात एवढ्या बर्फाचं जवळपास दीड सेंटीमीटर लांबीचं बूच बसतं. आत मणी भरलेले असतील तर त्याआधीच रस्ता बंद. आमचे नाना अमळनेरकडचे, साबणाच्या बुडबुड्याच्या फ्लोमीटरवर त्यांची नजर असते. बुडबुडा रेंगाळायला लागला की तिकडून आवाज येतो, "मॅडम, नळी बंद व्हई गयी." त्यानंतर पंपाचा जोर वाढवून काही होत नाही. ती फेरी टाकून द्यायची, नळी गरम करून कोरडी करायची आणि नव्याने लावायची.

म्हणून मुख्य ट्रॅपच्या आधी पाणी पाडायचा एक टप्पा लागतो. बर्फाच्या कारखान्यातून लादी आणा, गोणपाटात घालून बारीक कुटा, तीन भाग बर्फाला एक भाग जाडं मीठ मिसळा. पुस्तकात उणे २१ लिहिलेलं असतं, आपल्या टेबलावर उणे १५ ते १८ मिळालं तरी खूप झालं. त्यात काचेची रिकामी रुंद नळी ठेवा, एक सेंटीमीटर तरी रुंद, म्हणजे भिंतीवर बर्फ साचूनही मधून वाट उरते. उणे २० च्या आसपास एका लिटरमागे जेमतेम एक मिलिग्रॅम वाफ उरते. ४५ चे दीडेक मिलिग्रॅम झाले, तेवढं मुख्य ट्रॅप सहन करतो. आयसोअमाइल ॲसिटेटचा बाष्पदाब शून्य अंशाला १ मिलिमीटर असतो आणि बरणीत ते फार थोडं असतं, त्यामुळे इथे ते थांबत नाही. इथेनॉल मात्र पाण्याबरोबर इथेच राहतं. ते हवं असेल तर त्याचं वेगळं मोजमाप करा.

बाजारात नॅफिऑनची वाळवणी नळी मिळते. ती पाणी छान काढते, पण अल्कोहोलही घेऊन जाते, आणि महाग. मॅग्नेशियम परक्लोरेट कुणी सुचवलं तर सेंद्रिय वाफेच्या वाटेत ते ठेवायचं नाही, एवढं ठाम सांगते.

उन्हाळ्यात प्रयोगशाळेत कूलर लावायची आपल्याकडे रीत आहे. ट्रॅप चालू असताना तो बंद ठेवा. कूलर खोली गार करतो ती पाणी उडवूनच, आणि तो ओलावा थंड सांध्यांवर, फेरूलवर (सांधा घट्ट करणारी कडी), व्हॉल्व्हवर दव होऊन बसतो. उकाडा सोसा.

ट्रॅप घरीच बनतो. स्टीलची नळी सुमारे ३५ सेंटीमीटर घेऊन यू आकारात वाकवा, कोपरे चेपू देऊ नका. तळाच्या दहा सेंटीमीटरमध्ये ६०/८० मेशचे (चाळणीचं माप) सिलनाइज केलेले, म्हणजे वास चिकटून बसू नये म्हणून रसायनाने लेपलेले, काचेचे मणी भरा, दोन्ही बाजूंनी सिलनाइज केलेल्या ग्लास वूलचा हलका बोळा लावा. मणी कशाला? नुसत्या रिकाम्या नळीत वाफ एकदम थंड झाली की तिचं धुकं होतं, आणि धुक्याचे कण भिंतीला न चिकटता हवेबरोबर बाहेर वाहून जातात. थंडी पुरेशी असूनही माल हरवतो तो असा. मणी त्या कणांच्या वाटेत येतात. वापरण्याआधी आतून नायट्रोजन सोडत २०० अंशांवर तासभर भाजून घ्या. जोडणीला टेफ्लॉनची नळी वापरा. रबर आणि पीव्हीसी एस्टर पितात आणि पुढच्या फेरीला हळूहळू परत देतात.

बरणी पाच लिटरची काचेची. केळी मोजून नको, वजन करून ठेवा, आणि सालीचा रंग १ ते ७ च्या तक्त्यावर कितवा आहे तो वहीत लिहा. फणीतून सुटी करताना साल फाटू देऊ नका, जखम झालेल्या सालीतून हेक्झानाल उसळतं आणि पिकलेलं केळं कच्च्यासारखं दिसायला लागतं. बरणी ३० अंशांच्या पाण्यात ठेवून तासभर थांबा. आत येणारी हवा कोळशाच्या गाळणीतून घ्या. बरणीपासून मिठाच्या बर्फापर्यंतची नळी कुठेही बरणीपेक्षा थंड नको. मे महिन्यात ही काळजी ऊनच घेतं, पण डिसेंबर-जानेवारीत जळगावचा पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा सकाळी त्या नळीला हीटिंग टेप गुंडाळावी लागते.

बाथ, म्हणजे ॲसिटोन-नायट्रोजनचं ते थंड मिश्रण, करताना घाई नको. रुंद तोंडाच्या स्टीलच्या थर्मासमध्ये अर्धा लिटर कोरडा ॲसिटोन घ्या, फ्यूम हूडमध्ये (वाफा बाहेर ओढणारं कपाट) ठेवा, लांब दांड्याच्या स्टीलच्या भांड्याने नायट्रोजन थोडाथोडा ओता आणि लाकडी काठीने ढवळत राहा. सुरुवातीला खळखळून उसळतं, मग शांत होतं, आणि कुल्फीचं आटवलेलं दूध कडेने धरायला लागावं तसं घट्ट होत येतं. तिथे थांबा. ढवळणं सोडलं तर वर पापुद्रा धरतो, त्याखाली नायट्रोजन अडकतो आणि अचानक उडतो. पाऱ्याचा थर्मामीटर इथे चालत नाही, पारा उणे ३९ लाच गोठतो, थर्मोकपल (दोन धातूंच्या तारांचा तापमापक) वापरा. आसपास बर्नर, हीटर, ठिणगी काही नको. हातमोजे सैल, झटकन निघणारे. डोळ्यांवर चष्मा. पायांत बूट, चपला घालून आलेल्या मुलाला मी दारातूनच परत पाठवते. थर्मासचं झाकण फिरवून कधीच लावू नका: एक लिटर द्रव नायट्रोजनचा जवळपास सातशे लिटर वायू होतो. त्याच कारणाने उन्हाच्या झळा आल्या तरी खिडक्या उघड्या ठेवायच्या, आणि कंटेनर गाडीतून आणताना काचा खाली.

क्रम असा. आधी हवेचा प्रवाह सुरू करा, फ्लोमीटरवर ५० मिलिलिटर बघा, मग ट्रॅप हळूहळू बाथमध्ये उतरवा. प्रवाह सुरू नसताना नळी आधी बुडवली तर आतली हवा आकसते आणि मागून खोलीतली ओलसर हवा आत खेचली जाते. अर्धा तास होऊ द्या. बाथ पातळ व्हायला लागला तर घोटभर नायट्रोजन आणखी. नंतर हवा बंद करून, ट्रॅप थंडच ठेवून, त्यातून दोन मिनिटं कोरडा नायट्रोजन वायू सोडा. अडकलेली हवा निघून जाते. ती राहिली तर तापलेल्या कॉलमवर ऑक्सिजन जातो, आणि वॅक्सच्या (आतून मेणासारखा थर असलेल्या) कॉलमचं आयुष्य त्याने कमी होतं.

पुढचा टप्पा दोन मिनिटांचा, पण शिखरं टोकदार येणार की पसरट, ते इथे ठरतं. सहा तोंडी व्हॉल्व्ह इंजेक्टवर फिरवा, कॅरिअर गॅस (माल कॉलमवर वाहून नेणारा वायू) ट्रॅपमधून उलट दिशेने जाऊ द्या, बाथ खाली घ्या, नळीवरचा ॲसिटोन निथळून पुसून काढा, आणि लगेच किटलीत उकळलेल्या पाण्याच्या बीकरमध्ये नळी बुडवा. किटली विजेची, आणि ॲसिटोनपासून दूर. पातळ स्टील काही सेकंदांत तापतं. आयसोअमाइल ॲसिटेट १४२ अंशांवर उकळतं, तरी वाहत्या गॅसमध्ये ते ९९ अंशांवरही पटकन निघतं. जड पदार्थ हवे असतील तर १५० अंशांचं तेल लागेल. थंड ट्रॅपची दोन्ही तोंडं बंद करून तो कधीही बाहेर काढू नका. आतला माल तापून फुगला की फेरूल उडते.

बारीक कॉलमवाल्यांची इथे पंचाईत होते. ०.२५ मिलिमीटरच्या कॉलममधून मिनिटाला एखादा मिलिलिटर वाहतो, आणि ट्रॅपच्या पोटातली जागाच तेवढी असते. माल मिनिटभर रेंगाळत कॉलमवर पोचतो, मग शिखर कुठून टोकदार येणार? एक तर स्प्लिट लावून, म्हणजे प्रवाहाचा काही भाग बाहेर सोडून, ट्रॅपमधला प्रवाह वीस-तीस मिलिलिटर करा आणि थोडा माल गमवा, नाही तर कॉलमचा पहिला वेढा थंड करून तिथे माल पुन्हा गोळा करा. माझी पसंती ०.५३ मिलिमीटरच्या रुंद कॉलमला, जाड फिल्मचा, मिनिटाला आठ-दहा मिलिलिटर. जुन्या एफआयडीवाल्या (ज्योतीने पदार्थ ओळखणारा शोधक असलेल्या) जीसीवर तो सुखाने चालतो. पुस्तकं ओव्हन ३५ किंवा ४० पासून सुरू करायला सांगतात. आपल्याकडे एप्रिलमध्ये खोलीच ३८ ला असते, तिथे ओव्हन ४० वर स्थिर होत नाही आणि 'रेडी'चा दिवा लागतच नाही. ५० ने सुरू करा, तीन मिनिटं थांबा, मग मिनिटाला सहा अंशांनी १८० पर्यंत न्या. जाड फिल्म त्या दहा अंशांची भरपाई करते.

वीज जायची भीती असेल तर एवढं लक्षात ठेवा: माल गोळा होत असताना वीज गेली तर ट्रॅप थंडच आहे, काही बिघडत नाही. गरम पाण्यात नळी घातल्यावर गेली तर सगळं गेलं. यूपीएसचा दिवा बघूनच नळी बुडवा.

काही जण ट्रॅप तापवण्याऐवजी अर्ध्या मिलिलिटर सॉल्व्हंटने धुऊन घेतात. हिवाळ्यात ठीक आहे. डायक्लोरोमिथेन ४० अंशांवर उकळतं, ईथर ३५ वर, पेंटेन ३६ वर. मे महिन्यात हे सॉल्व्हंट सिरिंजमध्येच बुडबुडायला लागतात. करायचंच असेल तर बाटली आणि सिरिंज दोन्ही फ्रीजमध्ये ठेवा.

रिकाम्या बरणीची एक फेरी रोज सकाळी झालीच पाहिजे. तिच्यात ॲसिटोनचं शिखर जवळजवळ नेहमी दिसतं, बाथमधूनच येतं ते, त्याला केळ्याचं समजू नका. इथाइल किंवा ब्युटाइल ॲसिटेट दिसलं तर आधी मुलींची नखं बघा. नेलपॉलिशमध्ये हेच सॉल्व्हंट असतात. दिवाळीआधी इमारतीला रंग लावतात, त्या आठवड्यात मी हे काम ठेवतच नाही.

कॅलिब्रेशन पूर्ण वाटेने करा, नुसतं सिरिंजने जीसीत मारून नव्हे. एक मायक्रोलिटर आयसोअमाइल ॲसिटेट म्हणजे ०.८७६ मिलिग्रॅम. पाच लिटरच्या रिकाम्या बरणीत सोडून उडू द्या, लिटरला १७५ मायक्रोग्रॅम झालं. हे फार जास्त होतं, म्हणून त्यातली ५० मिलिलिटर हवा गॅसटाइट सिरिंजने दुसऱ्या तशाच बरणीत घाला: लिटरला पावणेदोन मायक्रोग्रॅम. आता या बरणीतून दीड लिटर ओढताना लक्षात घ्या की जेवढी हवा बाहेर जाते तेवढी स्वच्छ हवा आत येते आणि आतलं पातळ होत जातं. सगळं मिळून बरणीतल्या मालाचा सुमारे २६ टक्के ट्रॅपपर्यंत पोचतो, ३० नाही. पावणेनऊ मायक्रोग्रॅमपैकी २.३. केळी आत असताना मात्र ती वास सोडतच राहतात, म्हणून तिथे हा हिशेब लागू होत नाही. तिथे 'दर तासाला दर किलोला इतकं' असं लिहावं लागतं. दोन्ही गोष्टी एका तक्त्यात मिसळलेले प्रबंध मी वाचले आहेत.

माल सुटतोय का हे बघायला पहिल्या ट्रॅपमागे दुसरा तसाच लावून एक फेरी करा. दुसऱ्यात एकूण मालाच्या पाच टक्क्यांहून जास्त सापडलं तर प्रवाह ३० वर आणा. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. आणि एफआयडी कुणाचं नाव सांगत नाही, फक्त कोण कधी आलं ते सांगतं. प्रमाणित नमुन्याची वेळ दोन वेगळ्या कॉलमवर जुळली तरच नाव लिहा, नाही तर जीसी-एमएस, म्हणजे रेणूंच्या वजनावरून नाव सांगणारं यंत्र, असलेल्या विद्यापीठात पाठवा.

हीच मांडणी नंदुरबारच्या वाळलेल्या मिरचीला लावायची तर काम हलकं होतं. मिरची श्वास घेत नाही, पाणी थोडं, म्हणून हवेऐवजी हेलियम फिरवता येतो आणि मग ट्रॅप उणे १५० पर्यंत नेला तरी कार्बन डायऑक्साइडने नळी तुंबायची धास्ती नाही. भरताचं वांगं निखाऱ्यावर भाजतानाचा वास धरायचा असेल तर मात्र धुरातलं डांबर आधी काचेच्या जाड गाळणीत अडवा आणि ती गाळणी गरम ठेवा, नाही तर मण्यांची ती नळी पुन्हा कधी स्वच्छ होत नाही. काम झाल्यावर ॲसिटोन हूडमध्येच उघडा ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्या, 'बाथसाठी' अशी चिठ्ठी लावलेल्या बाटलीत भरा, आणि पुढच्या वेळी तोच वापरा. ओलावा शिरून तो उणे ९४ ला दगडासारखा धरायला लागला की बदला.